निम्म्या आठ्या

"यांना म्हातारं करून द्या," वहिनी म्हणाल्या आणि काखेतलं चित्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. दोन जिने चढून आल्यानं त्यांना धाप लागली होती, पण पाणी नको म्हणाल्या. आधी काम.

चेहरे रंगवून पोट भरण्यात माझं सगळं आयुष्य गेलं. वय कमी करून मागणारे ढिगानं आले. कुणाच्या हनुवटीच्या दोन झालेल्या असतात, त्या परत एक करायच्या. कुणाचं टक्कल झाकायचं. एका मुख्याध्यापकांनी तर दातांतली फट बुजवून मागितली होती, चित्रात तोंड मिटलेलं असूनसुद्धा. पण वय वाढवून मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

मी चित्रावरचा कागद काढला. वहिनींचे यजमान. नळदुरुस्तीची कामं करायचे. मी या धंद्यात नवी होते तेव्हा काढलेलं हे चित्र. त्यानंतर वर्षाच्या आत ते तापाचं निमित्त होऊन गेले.

"वहिनी, बरं आहे ना सगळं?"

"मला काय धाड भरलीय? परवा शेजारी नवीन बाई राहायला आली. चित्र बघून म्हणाली, मुलगा का हो तुमचा? मी हो म्हणून मोकळी झाले." त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "खोटं तरी काय त्यात? खरा मुलगा आता यांच्यापेक्षा मोठा दिसतो. पूर्वी मी रोज बोलायची यांच्याशी. अहो, आज असं झालं, अहो, तसं झालं. हल्ली तोंडातून 'अरे' निघतं, ताई. नवऱ्याला अरे! मग बोलणंच सोडलं मी."

"मी दुसरं काढून देते. म्हातारपणाचं, नवीन कॅनव्हासवर."

"घरात दोन-दोन नवरे कुठं ठेवू? आहेत तेच वाढवा."

हे माझं सगळ्यात चांगलं चित्र. समोर बसवलं की हा माणूस दोन मिनिटांत चुळबुळ करायचा, कारण माझ्या मोरीतला नळ गळायचा आणि तो आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. एकदा ते असेच उठायच्या बेतात असताना मी त्यांना कॅनव्हासवर पकडलं. कान मोरीकडे, डोळे माझ्याकडे, ओठांवर "आलोच हं". आपल्याला चित्र काढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं कितीतरी लोक समोर बसले, आणि सगळे नुसते बसलेच. आता हे मीच झाकायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

"नाही जमायचं," मी म्हणाले.

वहिनींनी स्टूल ओढलं आणि मी जणू हो म्हटल्यासारख्या त्या सांगू लागल्या. "केस गेले असते. सासऱ्यांचेही गेले होते. कानांपाशी तेवढे राहिले असते, पिंजारलेले. गाल भरले असते."

"इतकं बारीक अंग होतं की."

"माझ्या हातचं खाऊन राहिलं असतं होय?"

"आणि कपाळ?" मी बोलून गेले. गिऱ्हाइकाला असा प्रश्न विचारला की अर्धा होकार दिल्यातच जमा असतो.

वहिनींनी उठून चित्रातल्या कपाळावर हात ठेवला. "बघा, इस्त्री केल्यासारखं आहे. पोरगा नापास होऊन दोन दिवस घरी आला नाही, तेव्हा हे नव्हते. पोरीनं भांडून घर सोडलं, तेव्हा दारात मी एकटीच उभी. म्हातारीचं दुखणं मी काढलं, आणि म्हातारी यांची." त्यांचा आवाज रडका नव्हता, चांगला चिडलेला होता. "सगळ्या आठ्या माझ्याच वाट्याला आल्या. निम्म्या यांना द्या, ताई. संसार दोघांचा होता ना?"

मला आठ्या वाटून द्यायला कुणीच नव्हतं. माझ्या कपाळावर आहेत त्या माझ्या एकटीच्या. हे मला एरवी कधी खुपलं नव्हतं, त्या दिवशी खुपलं.

"खिडकीपाशी बसा," मी म्हणाले. "कपाळ उजेडाकडे करा."

तेलरंग घाई चालवून घेत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. वहिनी महिनाभर येत राहिल्या. त्यांच्या कपाळावरची एकेक रेघ बघून मी ती यजमानांच्या कपाळावर उतरवत गेले. कुठली कशानं पडली, ते त्या सांगत. "ही भुवयांमधली उभी मात्र माझ्याकडेच राहू द्या," एकदा म्हणाल्या, "ती यांच्यावरच चिडून पडलीय." डोळ्यांना आणि ओठांना मी हात लावला नाही. "आलोच हं" तेवढं राहू दिलं.

शेवटच्या दिवशी वहिनी येण्याआधी मी माझ्या मनानं यजमानांना चष्मा दिला. या वयात नळाचे बारीक वायसर बघायला लागलाच असता. एका काचेवर खिडकीच्या उजेडाची पांढुरकी तिरीप ओढली आणि ब्रश धुवायला ठेवला.

वहिनी आल्या. बराच वेळ लांबूनच बघत राहिल्या. मग तरातरा पुढं गेल्या, स्वेटरची बाही बोटांवर ओढली आणि ती काच पुसू लागल्या.

"काच तरी पुसत जा हो! दिसतं तरी का यातून काही?"

रंग ओला आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिरीप फराटा होऊन गालावर उतरली. वहिनींना ते दिसलं असावं, कारण त्यांचा हात थांबला, पण त्यांनी तो मागं घेतला नाही. तसाच गालावर राहू दिला. खांदे तेवढे हलत होते.

थोड्या वेळानं त्या वळल्या. बाहीला त्यांच्या यजमानांच्या गालाचा रंग लागला होता. रंग पुसायला मी टर्पेंटाइनचं फडकं घेऊन पुढं झाले, तशी त्यांनी बाही आत दुमडून घेतली.