कॉलरमधली सुई

आम्ही रजया करणारी माणसं. कापूस मी भरतो, शिवते बायको. तीस हिवाळे शिवत बसली बिचारी, आणि यंदा तिचं उजव्या अंगठ्याशेजारचं बोट वाकलं ते सरळ व्हायचं नावच घेईना. डॉक्टरने सांगितलं, उबेत न्या आणि आठ दिवस सुईला हात लावू देऊ नका, नाहीतर बोट जन्मभर असंच राहील. मी म्हटलं, चल, बेटावर जाऊ. सुयांची डबी कपाटात घातली, कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली.

बेटावर ऊन काय होतं म्हणून सांगू. बायको चपला काढून वाळूत नुसती उभी राहिली, हसत. मग हॉटेलच्या खोलीत शिरलो आणि दोघांचे दात वाजायला लागले. एसी इतका जोरात, की नळाचं पाणी चावत होतं.

मॅनेजरकडे गेलो. माणूस फार प्रेमळ. म्हणाला, इथे येणारे सगळे थंड मुलखातले, त्यांना घराची आठवण येऊन रडू फुटतं, म्हणून ही खास सोय. बंद करायचं बटण होतं, पण लोक ते सारखं दाबायचे, म्हणून काढून टाकलं. पांघरूण मागितलं तर म्हणाला, पांघरूण दिलं तर हे बेट कसं वाटेल? मग आम्ही वाळूतच झोपतो, म्हटलं. तर म्हणे, वाळू सहाला बंद होते.

वर येऊन बघतो तर बायकोने खिडकीचे पडदे उतरवलेले, उशा फोडलेल्या. "तासाभराचं काम आहे," म्हणाली आणि सरळ माझ्या कॉलरला हात घातला. तिथे सुई होती. आमच्या धंद्यात सुई कॉलरमध्येच खोचतात, आणि मी ती विसरूनच गेलो होतो. मी तिचा हात धरला.

"मी शिवतो."

"तुम्हाला कुठं येतंय?"

"तीस वर्षं बघतोय की."

"तीस वर्षं समोर बसून चहा पिताय."

पण ऐकलं तिने. दुसऱ्या दिवसापासून मी वाळूत मांडी घालून शिवतोय आणि ती शेजारी पडलीय, उजवा हात कोपरापर्यंत गरम वाळूत पुरून. दर दोन टाक्यांनी माझा उद्धार. समोरच्या खोलीतल्या रिटायर मास्तरीणबाई काकडत आल्या, आपले पडदे आणि उशा देऊन गेल्या. मग खालचे, मग वरचे. आता भानगड अशी, की रजई संपवायची कशी ते मला येत नाही. शेवटची गाठ नेहमी बायकोच मारायची. मग पुढच्याचं कापड आधीच्याला जोडत गेलो. पाचव्या दिवशी अख्खं हॉटेल जेवणाच्या हॉलमध्ये एकाच रजईखाली झोपायला लागलं. मास्तरीणबाई कुशीवर वळल्या की बेचाळीस माणसं वळायची. मॅनेजर नियम सांगायला आला, सांगता सांगता कुडकुडला, आणि गुपचूप कडेला शिरला.

दिवसातून दहा वेळा बायको म्हणायची, "द्या इकडे, एकच टाका." मी नाही म्हणायचो. आतून वाटायचं, आठ दिवस संपले आणि बोट तसंच राहिलं तर? वाळूतून काढून बघायची आमची दोघांचीही छाती नव्हती.

आठव्या दिवशी मी घाईत शेवटची कड शिवत होतो. एकदम वाळू उडाली.

"अहो, तो टाका वाकडा गेलाय. तो नव्हे. तो."

तिने हात बाहेर काढून त्याच बोटाने टाका दाखवला होता. मी टाक्याकडे बघितलंच नाही. बोट बघत बसलो. पट्टीसारखं सरळ होतं. तिलाही मग कळलं, आणि तीही बघत राहिली, जसं काही दुसऱ्याच कुणाचं आहे.

उठून तिच्याजवळ जावं म्हटलं, तर उठता येईना. विजार रजईला शिवली गेली होती.

"उसवा," ती म्हणाली. "तेवढी विजारच. रजई उसवलीत तर बाकीची माणसं थंडीत कशी झोपतील?"