वरच्या शेतातला मोल

एम्लिनने गुडघे टेकले, हिरवळीचा चौकोनी गड्डा अलगद बाजूला केला आणि सापळा वर ओढला. कात्रीसारखा त्याचा जबडा मिटलेला होता. जबड्यात मोल नव्हता, त्याची लव नव्हती, मातीसुद्धा नव्हती.

त्याला नवल वाटलं ते मातीचं. मोल म्हणजे जमिनीखाली भुयारं खणून वर मातीचे ढिगारे टाकणारा, मुठीत मावेल एवढा मऊ लवेचा प्राणी. त्याला डोळे नसल्यातच जमा, पण भुयारात काही परकं लागलं की त्याला लगेच कळतं. मग तो पुढ्यातली माती रेटत आणतो आणि सापळा तिच्यात गाडून टाकतो. असा चुकलेला सापळा मातीने गच्च भरलेला सापडतो. हा मात्र धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ होता. शेजारचाही तसाच, भिंतीकडचाही तसाच. आणि आजूबाजूला हिरव्या उतारावर काळ्या मातीचे ढिगारे होते, कालच्यापेक्षा चार जास्तच.

"आजही नाही?"

फाटकापाशी शेताची मालकीण नेरिस प्यू उभी होती. हातात मेंढ्यांच्या खाण्याची बादली. एम्लिनने मान हलवली आणि सापळा पाठीमागे धरला, जणू तो लपवण्याजोगा होता.

या डोंगरांत मोल धरणाऱ्याची मजुरी कुंपणाच्या तारेवर दिसते. धरलेले मोल तारेवर टांगायचे आणि शेतमालकाने ते बघून पैसे द्यायचे. एम्लिनच्या आजाने, बापाने अशा कितीतरी तारा भरल्या होत्या. प्यूंच्या कुंपणाची तार फेब्रुवारीपासून रिकामी होती.

त्याला मजुरीपेक्षा दुसरंच टोचत होतं. आदल्या वर्षी या ढिगाऱ्यांची माती गवताबरोबर कापली गेली आणि मुरघासात मिसळली. हिवाळ्यात तो मुरघास खाऊन मेंढ्या मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरू लागल्या आणि पडल्या. नेरिसने ते एकटीने निस्तरलं. तिचा नवरा रीस तीन वर्षांपूर्वी याच उतारावर ट्रॅक्टरखाली गेला होता. या वेळी कामाला बोलावतानाच तिने सांगून टाकलं होतं, "वरचं शेत साफ झालं तर ठीक. नाहीतर मी मेंढ्या विकते. आईंना घेऊन शहरात, स्वान्सीला बहिणीकडे जाते."

दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर एम्लिनने गोणी उपडी केली. सापळे खणखणत पसरले. शेकोटीपाशी बसलेल्या ओल्वेनने, नेरिसच्या सासूने, चष्म्यावरून बघितलं.

"सगळं दुकान आणलंस की रे! तुझा आजा वाकवलेली काठी आणि घोड्याच्या केसांचा फास, एवढ्यावर डोंगर साफ करायचा."

"तेव्हा मोलही साधेभोळे होते, मिसेस प्यू."

"आणि मोल धरणारे शहाणे होते."

नेरिस हसली. हसल्यावर ती स्वतःच दचकल्यासारखी झाली आणि चुलीवरच्या तव्याकडे वळली. तव्यावर बेदाणे घातलेल्या गोड टिक्या भाजत होत्या. त्या बशीत काढून तिने खुर्ची ओढली आणि एम्लिनसमोर बसली.

"यातला कुठला लावायचा हे कसं ठरवता?"

"भुयार किती खोल आहे त्यावर. वरच्या वर असेल तर हा नळीचा. नळी म्हणजे भुयाराचाच तुकडा, मोल बेधडक आत येतो. खोल असेल, जमीन दगडाळ असेल, तर कात्री. हिमदव पडलं की मोल खाली जातो, म्हणून मी कात्री लावली होती." तो थांबला. "आता नळी लावून बघतो."

नेरिसने नळीचा सापळा उचलून आत बोट घातलं. एम्लिनने पटकन तिचं मनगट धरलं. "ताण दिलेला आहे." मग त्याने हात सोडला आणि दोघेही सापळ्याकडेच बघत राहिले. ओल्वेनचं विणकाम तेवढं चालू होतं.

नळ्याही रिकाम्याच उडाल्या. मग एम्लिनने जागा बदलल्या, हातमोजे बदलले, सापळे मातीत पुरून त्यांना लागलेला माणसाचा वास घालवला. दर खेपेला चहा झाला, दर खेपेला नेरिसने नवं काहीतरी विचारलं. तिच्या बोलण्यात हळूहळू रीसचं नाव यायला लागलं. घरी परतताना एम्लिन गाडीत आपल्या हातांकडे बघायचा. पन्नाशी उलटली होती. हातातली कला अशी न सांगता निघून जाते का, असं त्याच्या मनात यायचं.

एका सकाळी उजाडताच हिमदव पडलेलं दिसलं, मोल खोल गेला असणार, तसा तो ठरल्या दिवसाची वाट न बघता निघाला. वरच्या शेताच्या फाटकाशी आला आणि थबकला.

भिंतीच्या कडेला कुणीतरी वाकलं होतं. अंगात मोठा पुरुषी कोट, डोक्याला रुमाल. एका हाताने हिरवळीचा गड्डा उचललेला, दुसऱ्या हातातली काठी भोकात. खट् करून सापळा उडाला. ओल्वेनने गड्डा नीट जागेवर बसवला, वरून थोपटला आणि पुढच्या खुणेकडे निघाली.

"मिसेस प्यू!"

तिने वळून बघितलं. घाबरली नाही.

"हे काय चाललंय?"

"दिसतंय ना? आंधळा मोल असतो, तू नाहीस."

एम्लिन भिंतीवर बसला. त्याला रागवायचं होतं, पण आधी तोंडातून वेगळंच आलं. "मला वाटलं माझा हात गेला."

"हात कुठे जातोय! आज तू येणार नव्हतास, म्हणून बेसावध होते, नाहीतर सापडलेही नसते." ती धापा टाकत त्याच्या शेजारी बसली. "रीस गेल्यापासून नेरिस उभ्याने जेवायची, माहीत आहे तुला? भांडी घासायच्या जागी उभी राहून, बशी हातात धरून. मी समोर खुर्चीत, आणि ती तशी. तू आलास त्या दिवशी खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, असू दे मोल आणखी थोडे दिवस."

"आणि मेंढ्या? मुरघासात पुन्हा माती गेली तर?"

"तेच तर. गवत वाढायला लागलंय. आता थांबून चालायचं नाही." तिने कोटाची बाही ओढून बोटं झाकली. "पण मोल धरलास की तू यायचा बंद होशील. तुझा बापही असाच होता. काम झालं की टोपी घातली आणि चालला."

एम्लिनने कोटाकडे बघितलं. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

"रीसला काय वाटेल, मिसेस प्यू?"

म्हातारीने खाली घराकडे बघितलं. धुराड्यातून धूर निघायला लागला होता.

"विचारलं मी त्याला. काही बोलला नाही. लहानपणीही पटलं की गप्प बसायचा."

मग एम्लिन उठला. लोखंडी सळई टोचत टोचत तो भिंतीलगत चालला. एका जागी सळई एकदम आत गेली. भुयार खोल होतं. त्याने कात्री निवडली, हात मातीत चोळले, जबडा भुयाराच्या बरोब्बर आडवा बसवला. हिरवळीचा गड्डा ओल्वेनने धरून ठेवला होता, तो तिनेच वर बसवला. उजेडाची एक फट राहिली होती, तीही तिने मातीने बुजवली.

दुसऱ्या दिवशी तारेवर तीन मोल टांगले गेले, आणि आठवडाभरात नवा ढिगारा दिसेनासा झाला. एम्लिनला आनंद व्हायला हवा होता. त्याने सापळे गोणीत भरले आणि दार वाजवलं.

"बघितले मी," नेरिस दारातच म्हणाली. "तारेवरचे."

"शेत मोकळं झालं."

"म्हणजे काम संपलं."

"संपलं." टोपी त्याच्या हातात होती. वाटेत जुळवलेलं वाक्य कुठे गेलं ते सापडेना. "गुरुवारी ओढ्याकाठी एक चक्कर टाकावी म्हणतो. तिथे एखादा असला तर..."

"ओढ्याकाठी पाणी भरलंय. तिथे मोल कुठून येणार?"

"खरंय." तो टोपी डोक्यावर ठेवणार होता. "मग मेंढ्या आता नाही ना विकणार?"

"मेंढ्या घेणाऱ्याला मी महिन्यापूर्वीच नको म्हणून कळवलं."

"महिन्यापूर्वी? तेव्हा तर एकही मोल..."

"हो." नेरिसचा चेहरा लाल झाला होता. "गुरुवारी या. मोल नसला तरी या. आणि आईंना सांगू नका, मला सगळं माहीत आहे म्हणून."

"काय माहीत आहे?"

तिने उंबऱ्याशी ठेवलेल्या म्हातारीच्या बुटांकडे बोट केलं. "रोज पहाटे चिखलाने भरलेले असायचे. त्या पुन्हा झोपायला गेल्या की कोण पुसून ठेवत होतं, असं वाटतं त्यांना?"

आतून ओल्वेनचा आवाज आला, "आत यायचं तर या, नाहीतर दार लावा! सगळी ऊब चाललीय बाहेर!"

एम्लिनने खाली वाकून आपले बूट काढले आणि त्या बुटांशेजारी ठेवले.