एकतीस हजार अंश

मारेकची मेल आली तेव्हा जुसारा कारखान्यातल्या आपल्या टेबलाशी चीजचा गरम पाव खात बसली होती. मेल अगदी छोटी होती. ‘हा ड्रायव्हर अजून कुणी वापरतं का? कुणी बोललं नाही तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकू या.’ खाली ड्रायव्हरचं नाव होतं. ते वाचलं आणि पाव तिच्या हातातच राहिला.

हा मारेक प्रागला राहणारा. जुसाराने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण गेली दहाबारा वर्षं घरच्या माणसांपेक्षा त्याच्याशीच तिचं जास्त बोलणं झालं असेल, तेही सगळं मेलवर आणि चारचौघांसमोर. दोघंही एकाच घरचे चाकर होते. जगभरचे हजारो लोक मिळून एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा सांभाळतात, त्याला कर्नल म्हणतात. त्याचा एक कोपरा सेन्सरांचा. मशीन किती तापलं, पंखा फिरतोय की अडकला, वीज नीट येतेय का, हे सांगणारी चिप जवळजवळ प्रत्येक बोर्डावर असते, आणि त्या चिपचं बोलणं कर्नलला कळावं म्हणून कुणालातरी ड्रायव्हर लिहावा लागतो. त्या कोपऱ्याचा मुख्य राखणदार मारेक. त्याच्या हाताखाली जुसारासारखी माणसं, नोकरी करून उरलेल्या वेळात फुकट राबणारी. फुकट म्हटलं की तिच्या सांता रीता गावातले शेजारी हसतात. हसोत बापडे. त्यांच्या घरातला राऊटर चालतो तो याच फुकट्यांच्या जिवावर.

मारेकचं काही चुकलं नव्हतं. न वापरलेला ड्रायव्हर कोपऱ्यात गुपचूप पडून राहत नाही. आतलं काही बदललं की प्रत्येक वेळी कुणालातरी तो उचलून नव्या जागी नीट ठेवावा लागतो. म्हणून अधूनमधून अशी विचारणा होते. एक माणूस जरी ‘मी वापरतो’ म्हणाला तरी ड्रायव्हर राहतो. पुरावा कुणी मागत नाही. म्हणूनच ‘मी तपासलं’ किंवा ‘मी वापरतो’ असं खोटं लिहिणं हे या लोकांत सगळ्यात मोठं पाप. तुमचा कोड वाईट असेल तर चार बोल ऐकावे लागतात आणि विषय संपतो. खोट्या साक्षीनंतर मात्र तुमच्या शब्दाला काडीची किंमत राहत नाही.

आणि तो ड्रायव्हर होता प्रोफेसर ओलिव्हिओंचा.

गावात पूर्वी एक छोटी कंपनी होती, आता बंद पडली. तिथे कॉफी वाळवायच्या यंत्रांसाठी बोर्ड बनायचे. त्यावरच्या तापमानाच्या चिपचा ड्रायव्हर तंत्रशाळेत शिकवणाऱ्या ओलिव्हिओंनी लिहिला आणि तो कर्नलमध्ये गेला. या डोंगरांमधून तिथे गेलेलं ते पहिलं काम. त्या दिवशी त्यांनी वर्गात शिकवलंच नाही, सगळ्यांना पेरूची वडी आणि पांढरं चीज वाटलं. त्या वर्गात जुसारा होती. ती आज जे काही करत होती त्याचं मूळ त्या वडीत होतं.

आता प्रोफेसर निवृत्त झाले होते आणि एकटे होते. बायको, दोना इल्का, पाच वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर ते फुटबॉल बघेनासे झाले, चर्चमध्ये मिसाला जाईनासे झाले. एक गोष्ट मात्र सोडली नाही. सकाळी कापडी गाळणीतून कॉफी गाळायची, कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायचा आणि कर्नलवाल्या सगळ्यांना जाणारी मेलची यादी उघडायची. कर्नलमध्ये राखणदारांच्या नावांची एक फाइल असते, त्यात त्यांच्या ड्रायव्हरसमोर अजून त्यांचं नाव होतं. कुणी विचारलं, काय चाललंय प्रोफेसर, तर म्हणायचे, “ड्युटीवर आहे.” ही ड्युटी गेली तर म्हातारा सकाळी उठेल कशाला, हा जुसाराचा खरा घोर होता.

तिला आणखी एक गोष्ट खटकली. मारेकची मेल प्रोफेसरांनीही वाचलीच असणार. एरवी स्वल्पविराम चुकला तरी तासाभरात उत्तर पाठवणारा माणूस या वेळी मूग गिळून बसला होता. जुसाराला वाटलं, त्यांना धक्का बसला असणार. तिने ठरवलं, ड्रायव्हर वापरणारा एक तरी माणूस शोधून काढायचाच.

शनिवारी ती डोंगरावर सिलेनीच्या कॉफीच्या मळ्यात गेली. इकडे जून म्हणजे हिवाळा, थंडी होती, तोडणी ऐन भरात आली होती आणि वाळवण्याचं मोठं पिंप घरघर फिरत होतं. सिलेनीने तिला यंत्रामागचा धुळीने माखलेला डबा उघडून दाखवला. आत तोच बोर्ड होता, हिरवा दिवा लागलेला. जुसाराला इतका आनंद झाला की तिने सिलेनीला मिठीच मारली.

पण तो बोर्ड चालत होता पंधरा वर्षांपूर्वीच्या कर्नलवर. बसवला त्या दिवसापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

“नवा कर्नल टाकून देते,” जुसारा म्हणाली. “तासाभराचं काम आहे.”

“अगं बाई, चालतंय ना? मग कशाला खाजवतेस?” सिलेनी म्हणाली. “पिंपात माझं अख्खं वर्ष फिरतंय. तोडणी संपेपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघायचं, तेही लांबून.”

पंधरा वर्षांपूर्वीचा कर्नल वापरणारा माणूस हा आजच्या कर्नलचा वापरकर्ता होत नाही. आजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर राहो की न राहो, सिलेनीला त्याची गंधवार्ताही लागणार नव्हती. जुसाराचं तोंड उतरलेलं पाहून सिलेनीला वाईट वाटलं. तिने गोदामातून एक जादा बोर्ड काढून दिला आणि म्हणाली, “हा ने. याला हवं तेवढं खाजव.”

घरी येऊन जुसाराने तो बोर्ड पुसला, आजचा कर्नल त्यावर चढवला आणि तापमान विचारलं. पडद्यावर उत्तर आलं, एकतीस हजार अंश.

आधी तिला हसू आलं. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजारांच्या पुढे जात नाही, आणि इथे तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकतीस हजार. चूक कुठली असणार हे तिला लगेच कळलं. चिप साधे अंश सांगते, पण कर्नलमध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात मोजायची रीत आहे, म्हणून कुठेतरी हजाराने गुणावं लागतं. कधीतरी ते गुणणं ड्रायव्हरातून काढून सगळ्यांसाठी एका जागी नेलं गेलं असणार, आणि इथे ते जुन्या जागीही राहून गेलं असणार. हजाराने दोनदा गुणलं गेलं. अशी चूक याच लोकांच्या हातून व्हायची.

तिने बदलांचा इतिहास उघडला. पाच वर्षांपूर्वी कुण्या उत्साही पोराने एका झटक्यात चाळीसेक ड्रायव्हर साफसूफ केले होते. ‘कामात काही फरक नाही’ असंही वर लिहिलं होतं. म्हणजे पाच वर्षं हा ड्रायव्हर सूर्याला लाजवेल असं तापमान सांगत होता आणि जगात एकानेही तक्रार केली नव्हती. हा ड्रायव्हर कुणी वापरत नाही याला आणखी कुठला पुरावा लागणार?

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. बदल ज्याच्या हाताखालून जातो त्याने तिथे आपलं नाव लिहायचं असतं. तिथे लिहिलं होतं, ‘तपासलं: ओलिव्हिओ’.

तिने तारीख पाहिली. त्या आठवड्यात दोना इल्का शेजारच्या शहरातल्या इस्पितळात होत्या. जुसारा त्यांना भेटायला गेली होती. प्रोफेसर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले तिला आठवत होते. त्यांच्याजवळ तेव्हा बोर्ड कुठून असणार?

मग तिने गुणाकाराची ती एक ओळ दुरुस्त केली. बोर्डाने गुपचूप एकतीस अंश सांगितलं, चालू बोर्ड तेवढा तापतोच. मग तिने मारेकला उत्तर लिहायला घेतलं. चूक दुरुस्त केली आहे, बोर्डावर तपासलं आहे. इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढे तिने लिहिलं, ‘मी हा ड्रायव्हर वापरते.’ त्या चार शब्दांशी तिचं घोडं अडलं. पुसले, पुन्हा लिहिले. मेल तशीच ठेवून ती झोपायला गेली, पण झोप काही आली नाही.

रविवारी जेवणानंतर ती प्रोफेसरांकडे गेली. मनाशी पक्कं ठरवून गेली होती की त्यांच्या त्या ओळीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दुरुस्ती त्यांच्या नावाने पाठवू म्हणावं, म्हणजे राखणदार जागा आहे असं दिसेल आणि पुढचं आपोआप टळेल.

प्रोफेसरांनी कॉफी गाळली, कप तिच्यापुढे ठेवला. तिने लॅपटॉप उघडायच्या आधीच ते म्हणाले, “सिलेनीकडून बोर्ड आणलास म्हणे. किती दाखवतोय तुझा?”

“काय किती?”

“तापमान गं. माझा अठ्ठावीस हजार दाखवतो. माझं घर जरा थंड आहे.”

खिडकीपाशी त्यांचा बोर्ड मांडलेला होता, तारा जोडलेल्या. मारेकची मेल आली त्याच दिवशी त्यांनी तो कपाटातून काढला होता. म्हणूनच ते गप्प होते. ती घाईघाईने म्हणाली की चूक त्या पोराची आहे, एका ओळीची तर गोष्ट आहे, ती दुरुस्तही झाली.

“पोराने चूक केली, ते त्याचं कामच आहे,” प्रोफेसर म्हणाले. “ती पकडायला मला तिथे बसवलं होतं. मी बोर्ड न जोडता तपासलं म्हणून लिहिलं.”

“दोना इल्का इस्पितळात होत्या, प्रोफेसर. कुणीही तुम्हाला बोल लावणार नाही.”

“तीच म्हणाली होती, बंद कर ते आणि आत येऊन बस. मी म्हटलं, एवढं एक उत्तर देतो आणि येतो.” त्यांनी गाळणी उचलून बाजूला ठेवली. “ना धड तिच्याजवळ बसलो, ना धड तपासलं.”

कुत्रा उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसला. जुसाराच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलं नाही. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि न पाठवलेली मेल दाखवली, त्या चार शब्दांसकट. प्रोफेसरांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली.

“वापरतेस?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“तुमच्यासाठी लिहिलं.”

“ते कळलं मला. खोड ते.” त्यांचा आवाज चढला नाही, पण वर्गात असायचा तसा झाला. “तुझ्या शब्दावर मारेक डोळे मिटून विश्वास ठेवतो. तो विश्वास माझ्या अंगावर पांघरूण म्हणून टाकू नकोस. काढायचा पॅच लिही. इथेच बस आणि लिही.”

तिने लिहिला. जिवावर आलं होतं, पण लिहिला. पॅच म्हणजे कर्नलमध्ये कुठे काय बदलायचं याचा कागदच: ड्रायव्हरची फाइल काढली, निवडीच्या यादीतली नोंद काढली, माहितीचं पान काढलं. प्रोफेसर शेजारी खुर्ची ओढून प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचत होते. शेवटी बोट थांबलं.

“अपुरा आहे.”

“काय राहिलं?” तिने विचारलं, पण तिला ठाऊक होतं.

“राखणदारांच्या फाइलीत माझं नाव तसंच आहे. नसलेल्या ड्रायव्हरवर राखणदार कसा बसवलास?”

“राहू द्या ना ते एवढं.”

“दुसऱ्या कुणी असं काम आणलं असतं तर तू परत पाठवलं असतंस,” ते म्हणाले. “पॅच नीट कर, मग पाठव.”

तिने ती ओळ काढली. राखणदार ओलिव्हिओ, हे दोन शब्द तिच्या बोटाखाली नाहीसे झाले. मग तिने पॅच पाठवला. घरी जाताना दारात तिने त्यांना विचारलं की आता सकाळी काय करणार. ते म्हणाले, कॉफी तर प्यावीच लागेल. या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. घरी पोचेपर्यंत तिला वाटत राहिलं की आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या हातून काठी काढून घेतली.

सोमवार गेला. यादीवर कुणी काही बोललं नाही. मंगळवारी सकाळी जुसारा टेबलाशी बसली होती तेव्हा उत्तर आलं. पाठवणारे ओलिव्हिओ होते.

‘ड्रायव्हर काढलेला कर्नल माझ्या जुन्या बोर्डावर चढवून पाहिला. नीट सुरू होतो, कुठे काही अडत नाही. चिप चांगली होती.

मला मान्य: ओलिव्हिओ

तपासलं: ओलिव्हिओ. बोर्ड जोडून.’

खाली मारेकने लगेच लिहिलं होतं की काही काढून टाकताना कुणी ते बोर्डावर तपासून पाहिल्याचं आपण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहतोय, आणि पॅच घेतला आहे.

जुसाराने प्रोफेसरांची ती शेवटची ओळ दोनदा वाचली. तेवढ्यात त्यांचीच आणखी एक मेल आली, ही यादीवर नव्हती, फक्त तिला होती. तिने गेल्या महिन्यात लिहिलेल्या पंख्याच्या नव्या ड्रायव्हरला अजून कुणी तपासणारा मिळाला नव्हता, त्याबद्दल होती.

‘तो पंख्याचा बोर्ड घेऊन ये. नुसता कोड पाठवू नकोस, बोर्ड आण.’