पूर्वी कुठं जाणार

सीयूईटीचे, म्हणजे देशभरच्या युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेश परीक्षेचे मार्क आले, त्या दिवसापासून पंढरी भोईरच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. त्याची एकुलती एक पोर पूर्वी एका हातानं भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर कुठल्या तरी युनिव्हर्सिटीचं पान उघडून बसायची. दिल्लीत कॉलेजं ढीगभर, अर्थशास्त्राला नाव मोठं, पण हॉस्टेल मिळेलच असं नाही. हैदराबादला सगळं एकाच आवारात, पोरं आतच राहतात, पण कोर्स पाच वर्षांचा. बनारस अफाट, आणि तेवढंच लांब. तिच्या पसंतीत एक दिवस एक वर जायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

"आन् मुंबई?" पंढरी विचारायचा.

"मुंबई आहेच रे बाबा. कुठंच नाही लागलं तर."

हे 'कुठंच नाही लागलं तर' ऐकलं की पंढरीला आतून बरं वाटायचं, आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटायची.

भिवंडीजवळच्या वळ गावात त्याच्या भाताच्या जमिनीवर आता गोडाऊनं उभी होती. दोन ट्रक होते. वडपे नाक्यावर चार माणसं त्याला शेठ म्हणायची. पण तो स्वतः गाव सोडून कधी कुठं राहिला नव्हता, आणि घरातली कुठलीच बाई एकटी भिवंडीच्या पुढं गेली नव्हती. तोंडानं तो नाही म्हणत नव्हता, हो पण म्हणत नव्हता.

"पोर नखं खाते सारखी," त्याची बायको कमळ म्हणाली. "तिला काय ते सांगून टाका. ॲडमिशनची लिस्ट लागंल तवा लागंल, तुमचं काय हाय ते कळू द्या."

दोन दिवसांनी पंढरीचा ट्रक हैदराबादला माल घेऊन निघाला, तेव्हा नाशिकला काम आहे असं घरी सांगून तो ड्रायव्हर खलीलच्या शेजारी जाऊन बसला. जागा एकदा डोळ्यांनी बघायची, काहीतरी खोट दिसेलच, ती घेऊन परत यायचं, म्हणजे पोरीला नाही म्हणायला कारण होईल, असा त्याचा हिशोब होता. खलीलनं वाटेत दोनदा विचारलं, "शेठ, तबियत ठीक आहे ना?" पंढरीनं खिडकीबाहेर बघत मान हलवली.

युनिव्हर्सिटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "किससे मिलना है?"

"लडकी के लिए आया हूँ."

"कौनसे डिपार्टमेंट में है?"

"अभी नहीं है," पंढरी म्हणाला. "आनेवाली है."

बोलून गेल्यावर तो स्वतःच चपापला. आपण कशाला आलो होतो आणि काय बोलून बसलो! वॉचमननं आधार कार्ड बघितलं, वहीत नाव लिहायला लावलं आणि सोडलं. आत रस्ता फुटत फुटत लांब गेलेला, दोन्हीकडं झाडी आणि हत्तीएवढाले दगड. कुठं जायचं ते कळेना. शेवटी त्यानं पूर्वीलाच फोन लावला.

"मी तुज्या युनिव्हर्सिटीत हाय. कुठं जाऊ सांग."

पलीकडून पूर्वी ओरडलीच, "बाबा! तू नाशिकला होतास ना? माझी लिस्ट अजून लागली नाही, तू तिथं कुणाला काय सांगितलंस?"

"कुनाला काय न्हाय सांगितलं. बोल, डावीकडं का उजवीकडं?"

तिनं व्हिडिओ लावायला सांगितला. नकाशात बघून बघून तिला तिथल्या वाटा पाठ होत्या. "सरळ जा. आता लायब्ररी दिसेल. फोन वर धर रे, नुसती जमीन दिसते!" रागानं सुरू झालेला तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. लायब्ररी दिसल्यावर ती म्हणाली, "बाबा, पुरे. जास्त बघितलं आणि नाही मिळालं तर मला सोसणार नाही." आणि तिनं फोन ठेवला.

पंढरी एकटाच पुढं चालला. मुलींच्या हॉस्टेलच्या अलीकडं एका झाडाखाली एक पोरगी झोपली होती. चपला बाजूला, पुस्तक पोटावर. सायकली जात होत्या, पोरं गप्पा मारत जात होती. तिच्याकडं कुणी वळूनही बघत नव्हतं. पंढरीनं मान खाली घातली आणि चार पावलं पुढं गेला. मग त्याच्या मनात आलं, आपली कमळ, आपली आई, बहिणी, कुणी अशी उघड्यावर बिनघोर झोपलेली आपण कधी बघितली का? तो बराच वेळ एका दगडावर बसून राहिला. खोट शोधायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं कमळला एवढंच सांगितलं, "जागा चांगली हाय. लागलं तर धाडू तिला."

आता खरी तगमग सुरू झाली. आता तोच पूर्वीला विचारायचा, "लागली का?" वडप्याहून फोन करून, गोडाऊनवरून फोन करून, जेवताना. आणि हैदराबादची लिस्ट लागली तेव्हा तिच्यात पूर्वीचं नाव नव्हतं. ती खोलीत जाऊन पडली, जेवायला उठली नाही. कमळ दारात घुटमळत राहिली. पंढरीला तर आपल्यालाच कुणी नापास केल्यासारखं झालं.

दिल्लीच्या प्रवेशाची पहिली फेरी आधीच हुकली होती. दुसरीची आशा पूर्वीनं सोडली होती. एका दुपारी ती चालत गोडाऊनच्या ऑफिसात आली, तोंड पांढरंफटक.

"बाबा, दिल्लीला सीट मिळाली. उद्यापर्यंत हो म्हणायचंय."

"हॉस्टेल?"

"नाही. बाहेर खोली बघायला लागेल."

म्हणजे ज्या ज्या गोष्टीला तो भ्याला होता, त्या सगळ्याच. आवार नाही, गेट नाही, वहीत नाव लिहून घेणारा वॉचमन नाही. पंढरीनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"भीती वाटते," पूर्वी म्हणाली. "खूप. पण जायचंय."

इतके दिवस तो समजत होता, घरात भ्यालेला तो एकटाच आहे. त्यानं पोरीकडं नीट बघितलं. बोटांची नखं मुळापर्यंत खाल्लेली होती.

"मग हो म्हन," तो म्हणाला. "आत्ताच म्हन. उद्या मला धीर राहील का न्हाय, सांगता येत न्हाय."

तिनं तिथंच, त्याच्या समोर, मोबाईलवर बटण दाबून हो म्हटलं. घरी कळल्यावर कमळ आधी हसली, मग रडायला लागली. पंढरीनं दिल्लीत कोण ओळखीचं आहे ते शोधायला फोन हातात घेतला. एकही नाव सापडेना. तरी तो फोनमधली यादी खालीवर करत राहिला.