करंजेल आणि मुकादम

बैल थांबला होता आणि मुकादम भुंकला नव्हता. केळीच्या पाटात पाणी येईना म्हणून मी खुरपं टाकून बावखलाकडे, वाडीतल्या तळ्याकडे बघितलं, तर बैल रहाटाला जुंपलेला, उभ्या उभ्या रवंथ करतोय आणि त्याच्यामागे मुकादम चारही पाय लटलट कापत उभा.

मुकादम आमचा कुत्रा. ह्यांच्या एका खोडीमुळे त्याला ते नाव मिळालं. सगळ्या बोळिंजात रहाट कुरकुरतात. कुरकुर चालू म्हणजे बैल चालू. थांबली की मालक वाडीच्या दुसऱ्या टोकाहून हाळी देतो. इतकी साधी सोय, पण आमच्या ह्यांना कुरकुर म्हणून सोसायची नाही. कमरेला करंजेलाचं, म्हणजे करंजाच्या तेलाचं, बांबूचं नळकांडं बांधूनच हा जन्माला आला, असं माझी सासू म्हणायची. रहाटाचा कणा, दाराची बिजागरी, बैलाची शिंगं, स्वतःच्या टाचा, दिसेल त्याला तेल. खरूज झाली, लाव करंजेल. गांधीलमाशी चावली, लाव करंजेल. नवी नवरी होते तेव्हा माझ्या पैंजणांनाही तेल घालतात की काय, अशी मला धास्ती होती.

तर रहाट मुका झाला आणि बैल शेफारला. नजर वळली की थांबायचा. तेवढ्यात शेजारच्या मटिल्डाबाईंकडून आणलेलं तांबडं पिल्लू आपण होऊन बैलामागे फिरायला लागलं आणि बैल थांबला की भुंकायला लागलं. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. हे इतके खूश झाले की त्याच दिवशी त्याचा मुकादम केला. आम्हाला मूलबाळ नाही. हे माणसांशी मोजकंच बोलणारे, पण मुकादमाला दिवसभराची हकिकत सांगायचे. मला त्याचा कधी राग आला नाही. थोडासा आला असेल.

त्या वर्षी पाऊस सरला आणि गोठ्यात गोचीड मातले. मुकादमाचे कान आतून भरून गेले. हे रोज दुपारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकेक गोचीड उपटायचे आणि करवंटीतल्या रॉकेलात टाकायचे. पण उपटावे तितके नवे. कुत्रं बिचारं खाजवून खाजवून रक्त काढायचं.

अशात मलेरियाची माणसं डीडीटी मारायला आली. तुळिंजकडचा शत्रुघ्न होता पंपावर. त्याने घरातली भांडीकुंडी बाहेर काढायला लावली, भिंती पांढऱ्या करून टाकल्या. संध्याकाळपर्यंत ढेकूण, झुरळं सगळी उताणी. ते बघून ह्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी ती माणसं शेजारी आली, तेव्हा ह्यांनी खाटेतल्या ढेकणांचं निमित्त सांगून शत्रुघ्नकडे मूठभर पावडर मागितली. केळीच्या पानावर ती पावडर त्याने माझ्याच हातात दिली.

"खाटंच्या फटीत टाका, वैनी," तो म्हणाला. "अंगाला लागली तर साबनानं धुवा."

हे तोवर पुन्हा रहाटाखाली शिरून तेल घालत होते. ह्यांनी काय ऐकलं असेल ते देवाला माहीत.

आणि बैल थांबला त्या सकाळी, मी फुलं खुडत असताना, ह्यांनी ती पावडर मुकादमाला लावली होती. नुसती लावली असती तरी एक वेळ ठीक. पण औषध कोरडं लावायचं हे ह्यांच्या डोक्यात यायचं कसं? ह्यांनी ती वाटीभर करंजेलात कालवली आणि बाळंतिणीच्या पोराला चोळावं तशी कानापासून शेपटीपर्यंत जिरवली.

मी हाक मारली तशी हे धावत आले. मुकादमाला उचलायला वाकले, तर तो पाण्याच्या थेंबाच्या आवाजानेही दचकत होता. तोंडाला फेस. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हे घरात गेले आणि तुपाची बरणी घेऊन आले. विष उतरायला तूप पाजायचं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

ह्यांनी तुपात बोटं घातली आणि मला शत्रुघ्नचं बोलणं आठवलं. अंगाला लागली तर साबण. तूप नाही, तेल नाही, साबण. इतकी वर्षं मी ह्यांच्या तेलाला हसत आले होते, पण कधी हात धरला नव्हता. त्या दिवशी धरला.

"तेलानं अंगात शिरलंय, ते तुपानं बाहेर येईल होय?" मी म्हणाले. "ठेवा ती बरणी. पाणी कोमट करा."

ह्यांनी चक्क ऐकलं. मी ओरडून मटिल्डाबाईंना बोलावलं. त्या कपड्याच्या साबणाची अख्खी वडी आणि स्वतःच्या चुलीवरचं पाणी घेऊन आल्या. कुत्र्यासाठी कुठे एवढा साबण, असं मनातही न आणता त्यांनी पदर खोचला. आम्ही दोघींनी त्याला फेस केला, धुतला, पुन्हा फेस केला. केसांतला बुळबुळीतपणा जाईना. करंजेलच ते, सहजी कसलं सुटतंय? त्याने स्वतःचं अंग चाटू नये म्हणून हे त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बसले होते. मग गोणपाटात गुंडाळून त्याला कोठीच्या अंधारात नेलं. आवाजाने झटके येतात हे दिसतच होतं, म्हणून बैल सोडला, कोंबड्या हाकलल्या, मटिल्डाबाईंनी आपल्या नातवंडांना पार देवळाकडे पिटाळलं. वाडीत चिडीचूप.

हे कोठीच्या उंबऱ्यावर बसून आपले हात बघत होते.

"माझ्याच हातांनी चोळलं गो मी," एवढंच म्हणाले.

मला बोलायला पुष्कळ होतं. मी ह्यांच्या शेजारी टेकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाढवळ्या ह्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसायची माझी ती पहिलीच वेळ असावी. आतून गोणपाटाची सळसळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. उन्हं कलली तशी सळसळ कमी झाली. हे आत डोकावले तर मुकादमाने मान उचलून ह्यांच्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. करंजेलाचा वास. हे उठले आणि राहिलेल्या साबणाने कोपरापर्यंत हात घासून आले. मग कुठे तो पाणी प्यायला.

तो जगला. पण मागचे पाय लुळे पडले ते पहिल्यासारखे झालेच नाहीत. बैलामागे फिरणं संपलं. ह्यांनी त्याला बावखलाच्या काठावर नारळीखाली पोतं घालून दिलं. दुपारी तिथेच त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकेक गोचीड हाताने काढायचे, रॉकेलाच्या करवंटीत टाकायचे. उपटावे तितके नवे. पण आता ह्यांना कसली घाई म्हणून नव्हती.

आणि एक दिवस आमचा रहाट कुरकुरला. मला वाटलं शेजारचा. मग बघितलं तर करंजेलाचं नळकांडं खुंटीला टांगलेलं, काठोकाठ भरलेलं. मटिल्डाबाई कुंपणाशी येऊन विचारायला लागल्या, की ह्यांना, त्यांच्या हरिश्चंद्रभाऊंना, बरं नाही का. हे पोत्याशेजारी बसूनच म्हणाले, "कुरकुरू दे. आम्हाला इथून कळतं."

त्याच दुपारी कुरकुर मधेच थांबली. ह्यांनी उठायला जमिनीवर हात टेकला. त्याआधी मुकादमाने पोत्यावर पडल्या पडल्या मान ताठ केली, कान टवकारले आणि एकदाच भुंकला. बैल चालायला लागला.