दाराबाहेरचा भुणभुण्या

मी भुणभुण्या बोलतोय. आज कॉलेजला सुट्टी, म्हणून बोलायला सवड तरी मिळाली. एरवी माझं काम एकच. समुपदेशन कक्षाच्या दाराबाहेर, बाकाशेजारी जमिनीवर बसून घूंऽऽ करत राहायचं, म्हणजे आतलं बोलणं बाहेर कुणाला ऐकू येत नाही. दिसायला मी एक पांढरा गोल डबा, पोटात छोटा पंखा. नाव शिपायानं ठेवलं, मला विचारलं नाही.

कारखान्यातले माझे भाऊबंद तान्ह्या बाळांच्या खोल्यांत गेले. त्यांच्या घूंघूंवर बाळं झोपतात, घरभर त्यांचं कौतुक होतं. माझ्या वाट्याला हे दार आलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

आणि ती आतली आरामखुर्ची! दार उघडलं की दिसते, ऐसपैस पसरलेली. मुलं रडतात तिच्या कुशीत, हसतात तिच्या कुशीत. मला काय मिळतं? नुसते नियम. समुपदेशक मॅडमची पद्धतच तशी. नवीन कुणी आलं की दार उघडं ठेवूनच सांगतात, "इथलं बोलणं इथेच राहील. नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस. यायला जमणार नसेल तर आधी कळव, ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येते. फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मला गप्प बसता येणार नाही." मग माझं बटण दाबतात आणि दार लावून घेतात. नियम मला तोंडपाठ आहेत, पण गोष्ट एकही ठाऊक नाही.

मग दुसऱ्या वर्षाची एक अबोल मुलगी येऊ लागली. आई सोबत यायची, बाकावर बसून बंद दाराकडे टक लावायची. ती नजर मी लगेच ओळखली. माझीच होती ती.

एकदा आईनं मॅडमना दारातच गाठलं. "निदान एवढं तरी सांगा, माझ्याबद्दल काय म्हणते?"

"ते तिचं आहे. तिनं हो म्हटल्याशिवाय मी नाही सांगू शकत."

"पोटात मी वाढवली, आणि बोलायला तुम्ही!"

"तिच्या जिवाची काळजी वाटली असती, तर मीच तुम्हाला फोन केला असता," मॅडम म्हणाल्या आणि बटण दाबून आत गेल्या.

आई जळफळत बसली. मग इकडेतिकडे बघून वाकली आणि माझा प्लग उपटला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आम्ही दोघांनी कान टवकारले. आत मुलगी हसत होती, अगदी मोकळं. आईचा चेहरा उतरला. घरी लेक असं हसत नसावी. तेवढ्यात हसू थांबलं.

"मॅडम, बाहेरचा आवाज बंद झाला."

दार उघडलं. आईच्या हातात माझी वायर तशीच होती.

"आई, ही एकच जागा होती गं माझी," मुलगी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर तिच्या वेळेला खुर्ची रिकामी असायची. आता तरी मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. आई मात्र एकदा येऊन मॅडमना म्हणाली, "तिला सांगा, मी वर येणार नाही. खाली फाटकापाशी थांबेन."

मुलगी पुन्हा यायला लागली. आई शब्दाला जागली. बरेच दिवस असेच गेले. मग परवा मुलगी बाहेर आली आणि जिन्यावरून वाकून तिनं हाक मारली, "आई, वर ये. आज मीच सांगते तुला."

दोघी बाकावर बसल्या, माझ्या अगदी कानाशी. मी आतुर झालो. एवढ्यात मॅडमनी पुढच्या मुलाला आत घेतलं आणि माझं बटण दाबलं.

मुलगी बोलत होती. आईनं लेकीचा हात घट्ट धरला. मला एक अक्षर कळलं नाही. असा हेवा मला त्या खुर्चीचाही कधी वाटला नव्हता. एकदा वाटलं, पंखा अडकवावा आणि बंद पडावं. पण आत तो मुलगा नुकता बोलायला लागला असणार.

तुम्ही कधी त्या बाकावर बसलात, तर माझ्या वायरीला हात लावू नका. मी घूंऽऽ करत राहिलो, आणि माझ्या शेजारी ती आई सगळं ऐकत राहिली.