काझेल्ला शाखेचा शेवट

सेराफिनोला मातीत ठेवून चौघे पक्षघरात परतले. इओलेने कुणी न मागता पेले भरले. दुःख होतेच, पण त्याच्या पाठोपाठ एक काळजीही आत येऊन बसली होती. पक्षाच्या नियमाप्रमाणे शाखेत निदान पाच सभासद लागत आणि सेराफिनो पाचवा होता.

"म्हणजे आता आपण शाखा नाही," बिंदो शिंपी म्हणाला.

"मग आपण कोण?" त्याची बायको आदाल्जिसा म्हणाली.

"चार म्हातारे आणि एक बार," इओले म्हणाली. पक्षघरातला बार तीच चालवायची.

सचिव नेवियो चष्मा पुसत राहिला. तो निवृत्त शाळामास्तर. बोलायची वेळ आली की त्याच्या काचा हमखास मळत. सान मारिनो हा देशच मुळात एवढा, की डोंगरावर उभे राहिले की एका नजरेत संपतो. त्यात बर्लिनची भिंत पडल्यावर मोठ्या कम्युनिस्ट पक्षाने नाव बदलले, आणि ज्यांना ते पटले नाही ते मूठभर लोक जुन्या नावाला धरून राहिले. त्या मूठभरांतली काझेल्ला गावची शाखा सगळ्यांत जुनी. काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्टांच्या राज्यात दगडफोड्यांनी ती चोरून काढली होती, आणि तेव्हापासून ती एकदाही बंद पडली नव्हती. नेवियो कित्येक वर्षे तिचा इतिहास लिहीत होता. आपल्या हातून दुसरे काही धड झाले नाही असे त्याला मनापासून वाटे. पण हे पुस्तक होणार होते, आणि त्यातली शाखा शेवटच्या पानापर्यंत चालू असणार होती.

आता शाखा मोडली तर हे घर वरच्या शहरातल्या पक्ष कार्यालयाकडे जाणार. कार्यालय ते पर्यटकांना खेळण्यातली धनुष्ये विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराला भाड्याने देणार, हेही सगळे जाणून होते.

पाचवा माणूस शोधायला लांब जायचे नव्हते. एल्वेझिओ बाहेर ओसरीवर बसला होता. हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा या पाथरवटाने भर सभेत म्हटले होते, "कामगारांवर रणगाडा घालतो तो आपला नव्हे." शाखेने त्याला काढून टाकले. नेवियो तेव्हा पक्षातही नव्हता. पुढे पक्षानेच कबूल केले की रणगाडे चूक होते. पण काढलेला माणूस काढलेलाच राहिला. एल्वेझिओ रोज येई, पत्ते खेळे, दारू पिई; सभा सुरू झाली की पेला घेऊन ओसरीवर जाई. तिथून त्याला सगळे ऐकू येई. एखादा ठराव पटला नाही की खिडकीतून खोकला येई, आणि बिंदो म्हणे, "बाहेरून एक मत विरोधी."

नेवियो ओसरीवर गेला.

"बोल, मास्तर," एल्वेझिओ म्हणाला. "मला आत बोलवायला आलास ना?"

"परत यायचं तर अर्ज लागतो."

"आणि त्यात काय लिहायचं?"

"झाल्या गोष्टीचा खेद वाटतो, एवढंच. नियमच आहे तसा."

"खेद मला वाटायचा?" तो हसला. "अरे, ज्यांनी हात वर केले ते सगळे वर दफनभूमीत झोपलेत. त्यांच्याकडून खेद आण, मी लगेच सही करतो."

"एक ओळ आहे रे. घर वाचेल."

"घर वाचेल. पण मग इतकी वर्षं मी थंडीत का बसलो, ते सांग."

नेवियो घरी गेला आणि आपल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण चाळत बसला. शाखा काढणारे ते पाच जण कोण होते? एक समाजवाद्यांशी भांडून आलेला, एक अराजकवादी, एकाला चर्चच्या गायनातून हाकललेले. त्यांना कुणी मागचे विचारले नव्हते. नवी शाखा काढायला पाच माणसे पुरतात. त्यांना कुठून काढले होते हे नियम विचारत नाही. हे त्याने स्वतःच लिहिले होते. मग त्याने पाने बाजूला सरकवली. जे सुचले होते ते सुचले नसते तर बरे झाले असते, असे त्याला वाटत होते.

पुढच्या सभेत तो एका दमात बोलून गेला. "ही शाखा आपण बरखास्त करू. आणि लगेच नवी काढू. पाच जणांची."

आदाल्जिसाने पेला खाली ठेवला. "सगळ्यांत जुनी शाखा मोडायची? डोकं फिरलंय का तुझं?"

"उद्यापासून आपण सगळ्यांत नवे," बिंदो म्हणाला. "वरचे लोक आपल्याला नियम शिकवायला येतील."

इओले मात्र नेवियोकडेच पाहत होती. "आणि तुझं पुस्तक?"

"पुस्तकाला शेवट लागतोच," नेवियो म्हणाला. "मला तो नको होता, एवढंच."

मग इओलेने हात वर केला, मग बिंदोने, शेवटी आदाल्जिसाने, तोंडाने पुटपुटत. बाहेरून खोकला आला नाही. इओलेने दार उघडले.

"या कॉम्रेड, का आता बँड लावू?"

एल्वेझिओ आला, टोपी काढली आणि सेराफिनोच्या नाही, दुसऱ्याच खुर्चीवर बसला. पाच सह्या झाल्या. नेवियोला सचिव करायचा ठराव आला तेव्हा एल्वेझिओने विरोधात मत दिले. "माणूस चांगला आहे," तो म्हणाला, "पण फार मऊ. सचिव इओलेला करा." यावर तासभर वाद झाला आणि इओले निवडून आली.

चार दिवसांनी नेवियोने एल्वेझिओला शेवटचे पान वाचून दाखवले. "शाखेने एकमताने स्वतःला बरखास्त केले. कारण, एका जुन्या कॉम्रेडला आत घ्यायचे होते."

"आत घ्यायचं होतं?" एल्वेझिओ म्हणाला. "मी काय मांजर आहे?"

"मग काय लिहू?"

"त्याला आत यायचं होतं, असं लिही. खरं तेच आहे." मग पेल्यात पाहत तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."

नेवियोने ओळ खोडली आणि तसे लिहिले.